उजवीकडची वरची शीर

त्या दिवशी मला वॉर्डात फक्त एक कवळी काढून आणायला पाठवलं होतं. सकाळचे साडेदहा. हृदयात नळ्या घालून उपचार करतात त्या कॅथलॅबमध्ये सगळी तयारी झालेली, आणि पेशंटबाई कवळी काढायला तयार नाहीत म्हणून वरून फोन. मी तिथली तंत्रज्ञ, बावीस वर्षं हेच काम. हट्टी म्हाताऱ्यांची समजूत काढणं दरवेळी माझ्याच गळ्यात पडतं.

आजी पलंगावर ताठ बसल्या होत्या. सत्तरीच्या असतील. चाळीस वर्षं शिवणकाम केलेलं, बोटांची टोकं सुईने खरबरीत झालेली.

"आजी, काढा बघू कवळी. गुंगी दिली की घशात जाईल."

"आणि तोंडाचं बोळकं घेऊन त्याच्याशी भांडू कशी?"

"कुणाशी?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "माझ्या नवऱ्याशी. सहा वर्षं झाली जाऊन. पण छातीत धडधड सुटली की येतो. उशाशी उभा राहतो, मनगट धरतो आणि म्हणतो, चल... जिवंतपणी असाच धरायचा. चारचौघांतून उठवून न्यायचा." जरा थांबून म्हणाल्या, "जन्मभर मुकाट्याने उठले. आता नाही उठायची. तुमचे डॉक्टर म्हणाले, धडधड जिथून सुरू होते ती दारं बंद करतो. म्हणून आले. नाहीतर मरणाला कोण भितंय!"

मी हसले. टेबलावर जायच्या आधी माणसं काय काय बोलतात. कवळी डबीत ठेवली आणि त्यांना खाली घेऊन आले.

फुप्फुसांकडून येणाऱ्या चार शिरा हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात उघडतात. आजींच्या हृदयाची लय तिथेच बिघडत होती. शिरांच्या तोंडाशी विजेच्या भलत्याच ठिणग्या उडायच्या आणि हृदय थरथरत सुटायचं. उपाय असा की मांडीतून नळी वर न्यायची, तिच्या टोकाचा फुगा शिरेच्या तोंडात बुचासारखा बसवायचा आणि आत गॅस सोडून तो गोठवायचा. शिरेच्या तोंडाभोवती मेलेल्या मांसाचं कडं तयार होतं. ठिणगी मग शिरेतच अडकते, हृदयापर्यंत पोचत नाही.

तीन शिरा बिनबोभाट झाल्या. राहिली उजवीकडची वरची. तिच्या शेजारूनच श्वासाच्या पडद्याची नस जाते. ती गोठली तर श्वास अडेल. म्हणून त्या नसेला विजेचे बारीक टोले देत राहतात. पोट उचकी लागल्यासारखं उडतं, आणि कुणीतरी बरगडीखाली हात ठेवून ते उडणं जोखायचं. उडी मंदावली की ओरडायचं, डॉक्टर गॅस बंद करतात. ते काम माझं.

"वजा तीस... वजा चाळीस..." डॉक्टर फुग्याचं तापमान वाचत होते. चादरीखाली पोट माझ्या तळव्याला नेमाने लाथा मारत होतं.

मग माझ्या हातावर दुसरा हात आला.

चादरीखालीच. रुंद, जड, पुरुषाचा. गारठा हातमोज्यातून हाडापर्यंत गेला. आजींचे दोन्ही हात पट्ट्यांनी टेबलाला बांधलेले मला दिसत होते. डॉक्टर मांडीपाशी, नर्स पार पलीकडे औषधांजवळ. औषधांच्या वासात कुठूनतरी ओल्या लोकरीचा कुबट वास मिसळला. आणि माझ्या तळव्याखालची उडी लहान होत गेली... अगदी नखाएवढी.

"थांबा!" मी ओरडले.

डॉक्टरांनी बटण दाबलं. गॅस बंद. आता फुगा गरम व्हायला हवा होता.

"वजा बावन्न..." डॉक्टरांचा आवाज बदलला. "बंद केलाय मी... पंचावन्न... अठ्ठावन्न..."

पोट उडायचं थांबलं.

तेवढ्यात गुंगीतल्या आजींनी डोळे उघडले. तोंडात दात नव्हते, पण शब्द खोलीभर घुमले. "नाही येत मी! ऐकू आलं? नाही... येत!"

मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो संताप. या टेबलावरून माणसं गेली आहेत, नाही असं नाही. पण नको म्हणणाऱ्या बाईला कुणीतरी ओढून नेतंय, आणि मी हात काढून बाजूला व्हायचं?

मी बोटं तिथेच रोवली. "हात काढा," हलकेच म्हणाले. "त्या नाही म्हणाल्यात."

वरच्या हाताने माझी बोटं अशी आवळली की सांधे कडकड वाजले. डोळ्यांत पाणी आलं. मी हात तसूभर हलवला नाही.

तळव्याला एक बारीक टोला बसला. मग दुसरा. मग सणसणीत लाथ! हातावरचं ओझं एकदम नाहीसं झालं.

"वजा चाळीस... वीस..." डॉक्टरांनी मास्कमागे लांब श्वास सोडला. "आकडा अडकला असेल मशीनचा."

काम झाल्यावर वीस मिनिटं वाट पाहायची असते. शिरेत एक बारीक तार ठेवलेली असते, तिची रेघ पडद्यावर वेगळी दिसते. वरची रेघ आजींच्या हृदयाची होती. संथ, अडुसष्ट ठोके, घड्याळासारखी. खालची शिरेची रेघ आता सपाट असायला हवी होती. ती नव्हती. तिच्यात एकेक ठोका पडत होता, सावकाश, स्वतःच्याच तालात.

"होतं असं कधीकधी," डॉक्टर म्हणाले. "शिरेतला ठोका शिरेतच राहतो. कडं पक्कं बसलंय. बाहेर येऊ शकत नाही."

आजींनी मान वळवून मला विचारलं, "गेला?"

खोटं बोलवेना. "आत आहे, आजी. पण बाहेर यायला वाट नाही."

त्या बोळक्याने हसल्या, मनापासून. "मग बस म्हणावं तिथेच. चल म्हणून बोलावलं तरी आता कोण ऐकतंय!"

वरची रेघ जराही बिचकली नाही. अडुसष्ट. खालचे ठोके मात्र आजींचं वाक्य संपायच्या आत भराभर पडू लागले, दारावर बुक्क्या माराव्यात तसे.

डॉक्टरांनी तार बाहेर ओढली, तेव्हाही ते थांबलेले नव्हते.