दत्तारामांचं मधलं नाव

चांद्रवसाहतीच्या नामनिश्चिती कक्षात शलाका कोपर्डे अण्णांशेजारी बसली होती. यंदापासून नियम निघाला होता: ज्याचा वसाहतीत नातेवाईक नाही, त्या म्हाताऱ्याने पृथ्वीवर परत जायचं. नातं ठरवणार नातेशोधक यंत्र, माणसाच्या मधल्या नावावरून. बारा वर्षं चंद्राच्या हलक्या गुरुत्वाकर्षणात अण्णांची हाडं पार ठिसूळ झालेली. पृथ्वीवर ती महिनाभरही टिकली नसती.

अडचण अशी, की अण्णा, म्हणजे दत्ताराम कोपर्डे, शलाकाचे सावत्र वडील. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. शाळेत हेडमास्तरांनी दत्तकपत्र मागितलं, तर अण्णा म्हणाले, "लिहा हो माझं नाव, घरचंच आहे." तेवढ्यावर भागलं आणि कागद कोणी केलाच नाही.

"डॉक्टर, यंत्र जनुकं तपासणार?" शलाकाने विचारलं.

"छे हो!" यंत्र घडवणाऱ्या डॉ. चिटणीस हसल्या. "पहिल्या यंत्राला आम्ही शिकवलं, मधलं नाव म्हणजे बाप. त्याने झाडून सगळ्या बायका नवऱ्यांच्या मुली ठरवल्या! माझ्या नवऱ्याला नोटीस आली. म्हणून याला नियम शिकवलाच नाही. लाखो नावं दिली आणि आयुष्याच्या नोंदी दिल्या. दवाखान्यात उशाशी कोण बसलं, सही कोणी केली, अडल्यावेळी फोन कोणाला गेला. मधलं नाव म्हणजे काय, ते त्याचं त्याने शोधलं."

"आणि काय निघालं?"

"आज जो तुमच्यासाठी उत्तरदायी, त्याचं नाव. रक्ताशी त्याला कर्तव्य नाही."

शलाकाला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात पडद्यावर तिचं नाव आणि आडनाव उमटलं. मधली जागा कोरी होती.

"असं कसं? गोवरात महिनाभर हेच बसले होते माझ्याजवळ!"

"तेव्हा बसले. यंत्र आजचं पाहतं, आणि आज तुमचा भार तुम्हीच वाहता," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

अण्णा काठी टेकत उठले. "चल शलू. पिशवी कालच भरून ठेवलीय मी." शलाकाला रडू आवरेना.

"अहो बसा आजोबा, तुमचं नाव यायचंय अजून," डॉक्टर म्हणाल्या.

पडदा उजळला: दत्ताराम शलाका कोपर्डे.

बारा वर्षं अण्णांच्या प्रत्येक तपासणीला, प्रत्येक कागदावर शलाकाचीच सही होती. यंत्राला दुसरं नाव सापडणार तरी कुठून?

"नातं सिद्ध," डॉक्टर म्हणाल्या. "राहा आता निवांत."

अण्णा पडद्याकडे बघतच राहिले. "सत्तर वर्षं दत्ताराम विठोबा होतो. आता सही नव्याने गिरवायची म्हणा की!"

"मग हेच नाव कायम करू ना?" डॉक्टरांनी विचारलं.

शलाकाने डोळे पुसले. "लिहा हो," ती म्हणाली, "घरचंच आहे."