आत येणाऱ्याला निरोप

फोल्कर्ट टाम्सेन माणसांशी मोजकंच बोलायचा आणि जहाजांशी तोंडभरून. त्याचा तो पगारी उद्योगच होता. हाम्बुर्ग शहर मागे टाकून एल्बे नदी समुद्राकडे निघते, तिथे उत्तर काठावर गेझा क्लुथचं कॉफीघर आहे. त्याच्या गच्चीला लागून असलेल्या काचेच्या खोलीत तो निळी टोपी घालून बसायचा. समुद्राकडून मोठं जहाज आलं की स्वागताची धून लावायची, मग त्याच्या झेंड्याच्या देशाचं राष्ट्रगीत, मग माइकवरून सांगायचं: हे अमुक जहाज, इतकं लांब, तमक्या साली बांधलेलं, हाम्बुर्ग आपलं स्वागत करत आहे. बाहेर जाणाऱ्याला निरोपाची धून आणि ‘सुखरूप परत या’. काठीवरचा झेंडा अर्ध्यावर उतरवला की जहाजही आपला झेंडा खाली घेऊन सलामी परत करायचं. शहर बघायला आलेले पाहुणे एवढ्यासाठी बोटीत बसून इथवर यायचे, गेझाचा लोण्याचा केक खायचे आणि कुठल्यातरी परक्या देशाच्या राष्ट्रगीताला तोंडात घास धरून उभे राहायचे.

प्रत्येक जहाजाचं एक कार्ड होतं. टेबलावर दोन पेट्या, एकीवर ‘आत’ लिहिलेलं, दुसरीवर ‘बाहेर’. जहाज बंदरात गेलं की त्याचं कार्ड ‘आत’मध्ये, समुद्राकडे गेलं की ‘बाहेर’मध्ये. शिवाय एक वही होती. मशीनवर दोन बटणं होती, हिरवं स्वागताचं आणि पिवळं निरोपाचं. यात चुकण्यासारखं काही नव्हतं. तरीही नऊ वर्षांपूर्वी म्हाताऱ्या ट्योनीसनं खोलीच्या किल्ल्या देताना एवढंच बजावलं होतं, “राष्ट्रगीत चुकलं तर चुकू दे. फार तर वकिलातीचं पत्र येईल. पण आत येणाऱ्याला निरोप द्यायचा नाही.”

“दिला तर काय होईल?” फोल्कर्टनं हसत विचारलं होतं.

“नाही द्यायचा म्हणजे नाही द्यायचा,” म्हातारा म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला. फोल्कर्टनं ती म्हातारपणाची कुरकुर समजून कानाआड केली.

त्या सप्टेंबरातल्या रविवारी तो सकाळी सहालाच येऊन बसला होता. दाढी घोटून केलेली, सदरा इस्त्रीचा. गेझानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“काय रे, कुणाला मागणी घालायला निघालास?”

“आल्मुट क्रोगर येतंय आज. पावणेतीनच्या सुमारास.”

त्या जहाजावर इंका होती, फोल्कर्टची एकुलती एक मुलगी, सेकंड ऑफिसर. पाच वर्षांपूर्वी बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं होतं. आईच्या अंत्यविधीला इंकाचं जहाज वेळेवर पोचलं नाही, आणि आठवड्यानं ती दारात उभी राहिली तेव्हा फोल्कर्ट म्हणाला होता, ‘हे घर आता तुझं नाही.’ तोंडातून गेलेला शब्द तो पाच वर्षं चघळत होता. मागच्या महिन्यात इंकाचा फोन आला. ‘बाबा, या वेळी दोन दिवस घरी येते. एक गोष्ट सांगायचीय, ती फोनवर सांगण्यासारखी नाही.’ तेव्हापासून त्याला झोप कशी ती नव्हती. भेटल्यावर पहिलं वाक्य कुठलं बोलायचं, याची तो आरशासमोर तालीम करत होता.

“माफी माग आणि मोकळा हो,” गेझा म्हणाली. “भाषण नको ठोकूस. तुझी भाषणं जहाजांना बरी.”

अडीचला एक डॅनिश जहाज बाहेर गेलं. फोल्कर्टनं पिवळं बटण दाबलं, निरोप दिला, कार्ड ‘बाहेर’मध्ये टाकलं. एवढ्यात उजवीकडे, समुद्राच्या बाजूला, वळणावर आल्मुट क्रोगरचं नाक दिसलं.

मालक हाम्बुर्गचा, झेंडा लायबेरियाचा. कंटेनरच्या डब्यांची निळी-तांबडी चळत घेऊन ते सावकाश समोर आलं. फोल्कर्टनं दुर्बीण लावली. सुकाणूघराच्या बाहेरच्या सज्जात कुणीतरी उभं होतं, केस वाऱ्यावर उडत होते. त्यानं माइक ओढला, बटण दाबलं आणि गळा भरून आलेल्या आवाजात नऊ वर्षांच्या सवयीनं बोलत सुटला. शेवटचे शब्द त्याचे त्यालाच ऐकू आले, “...हाम्बुर्ग आपल्याला निरोप देत आहे. सुखरूप परत या.”

गच्चीवर हशा पिकला. भोंग्यातून निरोपाची धून वाजत होती.

“अरे मेल्या, येतंय ते!” गेझा हातातल्या ट्रेसकट धावत आली. “आत येतंय! पोरीला दारातूनच वाटेला लावतोस का?”

त्यानं धडपडून मशीन बंद केलं. लायबेरियाचं राष्ट्रगीत राहूनच गेलं. आता हिरवं बटण दाबावं तर जहाज समोरून सरकलं होतं, डावीकडे, शहराच्या दिशेनं. त्यानं झेंडा तेवढा खाली घेतला. जहाजाचा झेंडा जागचा हलला नाही. सज्जातल्या बाईनं हात वर केला आणि तसाच धरून ठेवला, निरोप देणारी माणसं धरतात तसा.

“हसतील लोक आणि विसरतील,” गेझा म्हणाली. “इंकाही हसेल. बस, कॉफी आणते.”

ती गेली. फोल्कर्ट खुर्चीत बसला. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं. पाच वर्षांनी लेक येते आणि बाप भोंग्यावरून सगळ्या नदीला ऐकू जाईल असं सांगतो की जा. वहीत नोंद करायची म्हणून त्यानं पेन उघडलं.

वहीतली शेवटची ओळ ओली होती. ‘रविवार, दुपारी २.४५, आल्मुट क्रोगर, बाहेर.’

अक्षर त्याचंच होतं. हे त्यानं लिहिलं नव्हतं. घाबरून त्यानं मागचं पान उलटलं. ‘शुक्रवार, सकाळी ९.१०, आल्मुट क्रोगर, आत.’ तेही त्याच्याच अक्षरात, आणि पुढे, जे तो कधीच करत नसे, एक छोटंसं हसरं तोंड काढलेलं.

शुक्रवारी सकाळी तो इथेच बसला होता. नऊ ते दहा धुकं होतं. एकही जहाज आलं नव्हतं.

गेझा कॉफी घेऊन आली.

“गेझा, मघाशी मी काय वाजवलं?”

“निरोप वाजवलास. का?”

“आत येणाऱ्या जहाजाला?”

“आत येणाऱ्या?” तिनं कप ठेवला आणि त्याच्याकडे काळजीनं पाहिलं. “फोल्कर्ट, पोर गेली की बापाचं असं होतं रे. मला ठाऊक आहे. पण छान वाजवलंस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.”

“तूच ओरडलीस ना! तूच म्हणालीस, पोरीला दारातूनच वाटेला लावतोस म्हणून!”

“मी?” गेझा हसली. ते हसू खरं होतं, हेच भयंकर होतं. “मी कशाला असलं अभद्र बोलू? ते बघ, अजून दिसतंय.”

तिनं बोट उजवीकडे केलं होतं. समुद्राकडे.

फोल्कर्टनं मान वळवली. वळणापाशी आल्मुट क्रोगरची पाठ होती. निळी-तांबडी चळत, पांढऱ्या अक्षरांतलं नाव, मागे फेसाचा लांब पट्टा. त्यानं डावीकडे पाहिलं. मघाशी जहाज त्याच्या डोळ्यांदेखत गेलं होतं त्या बाजूला नदी रिकामी होती. दोन शिडाच्या होड्या होत्या. बाकी काही नाही.

गच्चीवरचे पाहुणे, मघाशी खोखो हसलेले तेच, आता शांतपणे त्या पाठमोऱ्या जहाजाकडे पाहून रुमाल हलवत होते.

खिशातला फोन वाजला. इंका होती.

“बाबा, ऐकलं मी. सगळे ऐकत होते सुकाणूघरात. आमचा कप्तान म्हणाला, तुझ्या बापाचा आवाज फुटला बघ.” ती हसत होती, रडतही होती. “हे दोन दिवस मी जन्मभर विसरणार नाही. तुम्ही जे बोललात काल, आईच्या बाकावर बसून... तेवढंच ऐकायला पाच वर्षं थांबले होते.”

“इंका,” त्यानं विचारलं, “मी काय बोललो?”

“आता पुन्हा नको. मी पुन्हा रडेन.”

“नाही, पोरी, ऐक माझं. मला आठवत नाही. मी तुला भेटलोच नाही! तू अजून यायची आहेस!”

पलीकडे वारा वाजत होता.

“बाबा, असं नका ना करू. मलाही जड जातंय. पण सहा महिन्यांचा प्रश्न आहे. तुम्ही स्वतः म्हणालात म्हणून मी तिला ठेवून निघाले, नाहीतर छाती झाली नसती माझी. उठली का ती?”

“कोण?”

“रात्री दिवा चालू ठेवा. आणि दुधावरची साय...” आवाज तुटायला लागला. “...बाबा, ऐकू येतंय का? ...तुमच्याकडे बघून...”

फोन बंद झाला. त्यानं तीनदा लावला. तीनदा लागला नाही. जहाज वळणाआड गेलं होतं, फक्त धूर दिसत होता.

त्याची नजर हिरव्या बटणावर गेली. बोट पुढे झालं. स्वागत वाजवलं तर येईल परत? आणि काय परत येईल? एका चुकीनं दोन दिवस गेले. दुसऱ्या चुकीनं काय जाईल, हे सांगणारा ट्योनीस मातीखाली होता. फोल्कर्टनं हात मागे घेतला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. माफी मागून झाली होती. लेकीनं माफही केलं होतं. ती सुखात होती. आणि यातलं त्याच्या वाट्याला एक अक्षरही आलं नव्हतं. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटलं.

“गेझा,” तो कसाबसा म्हणाला, “इंका कुणाला ठेवून गेली?”

“आता हद्द झाली हं! दोन दिवस खांद्यावरून उतरवली नाहीस तिला. सगळ्या गावाला दाखवत फिरलास, माझी नात, माझी नात. इंकानं जहाजावरून उतरवली तेव्हा तुझा चेहरा बघायला हवा होता. आम्हाला वाटलं, आता हा खाली बसतो. पाच वर्षांची होईल ना रे नाताळात?”

पाच वर्षांची. आईच्या अंत्यविधीनंतर आठवड्यानं इंका दारात उभी राहिली तेव्हा ती एकटी नव्हती तर. हे सांगायला आली होती. आणि तो काय म्हणाला होता!

“कुठे आहे?”

“आत बाकावर झोपलीय. आईला टाटा करताना रडेल म्हणून तूच म्हणालास, झोपू दे. थांब, उठलीच बघ.”

मागच्या खोलीचं दार उघडलं. तांबूस केसांची एक मुलगी डोळे चोळत बाहेर आली. एका पायात मोजा होता, एका पायात नव्हता. हनुवटी थेट त्याच्या बायकोची. फोल्कर्ट गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले.

मुलगी दोन पावलं धावत आली आणि थांबली.

तिनं त्याच्या टोपीकडे पाहिलं. सदऱ्याकडे पाहिलं. मग बराच वेळ तोंडाकडे.

“गेझामावशी,” ती हळूच म्हणाली, “आजोबा कुठे गेले?”

“अगं, हे काय समोर! झोपेत आहेस का अजून?”

मुलीनं मान हलवली. ती रडली नाही. तिनं गेझाच्या एप्रनचं टोक धरलं.

“हे ते नाहीत.”

“वेडाबाई! टोपी तीच, नाक तेच. दोन दिवस ज्यांच्या गळ्यात पडून होतीस तेच हे.”

“मग त्यांना माझं नाव सांगू दे.”

गेझा खळखळून हसली. जवळच्या टेबलावरचे पाहुणेही हसले आणि कौतुकानं बघायला लागले.

“सांग बाबा,” गेझा म्हणाली. “सांग लवकर, नाहीतर नोकरी गेली तुझी आजोबाची.”

फोल्कर्टनं तोंड उघडलं.

मुलगी वाट पाहत होती.

त्यानं मिटलं. पुन्हा उघडलं. ओठ हलले, त्यातून आवाज आला नाही. टेबलावरचं हसणं थांबलं. गेझा अजून हसतच होती, पण आता नुसते दात दिसत होते. ती त्याच्या डोळ्यांत पाहत होती, आधी गमतीनं, मग नीट निरखून, घरात शिरलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तशी.

“फोल्कर्ट,” ती म्हणाली, “सांग ना.”

आणि त्याच्यावरची नजर न काढता तिनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला एक पाऊल मागे घेतलं.