चुलीपाशीचा जुळा

चंद्रतळावर जाणारी माणसं निवडायचं काम चंद्रपूरच्या प्रयोगशाळेकडे होतं आणि तिथे डॉ. अच्युत केळुसकरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. स्वतः दोन वर्षं चंद्रावर राहून आलेला माणूस, मिजास असणारच!

त्या सकाळी त्यांनी नवा नियम लिहून ठेवला होता. गोंड उमेदवारांची फुप्फुसं जन्मतःच लहान, सबब त्यांना चंद्रावर पाठवू नये. सही तेवढी बाकी होती. ती झाली की प्रयोगशाळेची गणितज्ञ चैती मडावी यादीतून बाद. सहा वर्षांची तयारी पाण्यात.

"सर, हे कशावरून ठरवलंत?"

"जुळेयंत्रावरून. प्रत्येक गोंड उमेदवाराला त्याने दुसऱ्या समाजातला जुळा शोधून दिला. शिक्षण तेच, पगार तोच, वय-उंचीचा फरक वजा केलेला. तरी तुमचा श्वास बारा टक्के कमी. मग उरलं काय? रक्तच ना!"

"पगार आजचा धरलात," चैती ताडकन म्हणाली. "फुप्फुसं वाढतात लहानपणी. मी भामरागडकडे एका खोलीत वाढले. खिडकी नाही, मधोमध चूल. तेव्हाचा धूर आजच्या पगारात कुठे दिसणार?"

"अगं, पण तू स्वतः उमेदवार. तूच तपासलंस तर लोक काय म्हणतील?"

"म्हणून तर बटण तुम्ही दाबा."

केळुसकरांनी कुरकुरत साठही गोंड उमेदवारांचं लहानपण यंत्राला पुरवलं. चूल कुठे होती, पाणी किती लांब होतं, दिवसातून किती वेळा जेवण. यंत्राकडे राज्यभरच्या घरांच्या आणि आरोग्याच्या लहानपणापासूनच्या नोंदी होत्या, प्रयोगशाळेतल्या लोकांच्यासुद्धा. त्याने नवे जुळे शोधले. बारा टक्क्यांचा फरक अर्ध्यावरही उरला नाही, पार नाहीसाच झाला.

"छे!" म्हणत त्यांनी तीनदा बटण दाबलं. उत्तर तेच.

"बरं बाई, रक्त नव्हे, धूर. मान्य. पण कमी श्वास तो कमीच. तेवढ्यावर चंद्रावर निभेल कशावरून?"

चैतीचा चेहरा उतरला. तिला वाईट वाटू नये म्हणून केळुसकरांनीच तिचा जुळा पडद्यावर घेतला. बघूया तरी, त्या बिचाऱ्याचं पुढे काय झालं.

कोकणातलं खेडं. एक खोली, खिडकी नाही, मधोमध चूल. वय, उंची आणि बाई-पुरुष हा फरक वजा करता श्वास चैतीइतकाच कमी. चंद्रावर मुक्काम दोन वर्षं. तक्रार नाही.

नाव अच्युत केळुसकर.

केळुसकरांनी नाव पुन्हा एकदा वाचलं.

"आई मला मांडीवर घेऊन फुंकणीने चूल फुंकायची," ते हळूच म्हणाले. "डोळे कायम लाल तिचे. विसरलोच होतो गं मी!"

मग ते स्वतःशीच हसले, नियमाचा कागद टराटरा फाडला आणि चैतीच्या अर्जावर सही केली.

"आणि ऐक. तिथे पहिले चार दिवस दम लागतो. घाबरू नकोस. मलाही लागला होता, कुणाला सांगितलं नाही एवढंच."