डोमकावळ्याची हाक

जरा कल्पना करा, मुलांनो. तुमच्या गॅलरीच्या कठड्यावर एक कावळा येऊन बसला आहे आणि घसा फोडून ओरडतो आहे. घरातलं कोणीतरी हमखास म्हणणार, "आज पाहुणे येणार वाटतं!" आता आणखी थोडी कल्पना करा. त्या कावळ्याला तुम्ही विचारू शकता, "कोण येणार? किती जण? कुठवर आलेत?" आणि तो तुम्हाला सांगू शकतो, तेही मराठीत. कसं वाटेल?

जुई खाडिलकरला आधी फार मजा वाटली होती.

जुई सांगलीची, सहावीतली. आबांबरोबर, म्हणजे आजोबांबरोबर, ती अलास्काच्या सहलीला आली होती. आधी बोटीचा प्रवास, मग बसने आतल्या रानात, अशी ती सहल. खरं तर ती आजीने ठरवलेली. "एकदा त्या उत्तरेच्या टोकाला जाऊन यायचंच," असं आजी दर उन्हाळ्यात म्हणायची, आणि दोन वर्षांपूर्वी न जाताच गेली. यंदा आबांनी एकदम दोन तिकिटं काढली. सहल नेमकी पितृपंधरवड्यात आली. गटातल्या स्नेहलमावशी सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या, "माझी जाऊ मला हसली. म्हणाली, पितृपक्षात कोणी फिरायला जातं का? म्हटलं, अगं, पितरांनाही जरा हवापालट!"

बोटीवरचे दिवस मजेत गेले. दोन्ही बाजूंनी काळेभोर डोंगर, मधून शांत पाणी. एका सकाळी हिमनदीचा वाड्याएवढा कडा तुटून समुद्रात कोसळला. आधी बर्फ पडताना दिसला आणि आवाज मागून आला. आबांनी लगेच तिला प्रकाशाचा आणि आवाजाचा वेग समजावून सांगितला. आबा पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. देवळात जायची वेळ आली, तर ते सगळ्यांच्या चपला सांभाळत बाहेर बसत.

बोटीवरून उतरल्यावर सहलीचे व्यवस्थापक निरंजनदादा यांनी प्रत्येकाच्या हातावर कानात घालायची एक गोळी ठेवली.

"ही काकवाणी," ते म्हणाले. "इथल्या डोमकावळ्यांची भाषा शास्त्रज्ञांना बरीचशी उलगडली आहे. बसच्या टपावर यंत्र आहे, ते कावळ्यांचं बोलणं ऐकतं आणि तुमच्या कानात मराठीत सांगतं. आता अस्वल दिसेल की नाही, याची चिंता नको. कावळेच दाखवतील."

"म्हणजे गाइडला सुट्टी!" स्नेहलमावशी म्हणाल्या.

"तुमच्या तोंडापुढे गाइडची तशीही गरज नव्हती, मावशी."

बस रानात शिरली. शरद ऋतूने सगळं माळरान तांबडं करून टाकलं होतं, कुंकवाचा करंडा सांडल्यासारखं. थोड्याच वेळात एक डोमकावळा बसच्या पुढे येऊन उडू लागला. आपला कावळा त्याच्यापुढे पोर वाटेल. पसरलेले पंख घारीएवढे, चोच अडकित्त्यासारखी. तो ओरडला आणि सगळ्यांच्या कानात एक गोड आवाज म्हणाला, "सुप्रभात! ओढ्यापलीकडे दोन अस्वलं तुमची वाट पाहत आहेत."

आणि खरंच, ओढ्यापलीकडे दोन अस्वलं होती! बसमध्ये एकच गलका झाला. निरंजनदादांनी एक बटण दाबलं, टपावरच्या तबकात सुक्या माशाचा तुकडा पडला आणि कावळा तो घेऊन उडाला.

जुईने तोवर गोळीवरची बारीक कळ शोधून काढली होती. एका बाजूला 'सुबोध', दुसऱ्या बाजूला 'मूळ बोल'. तिने कळ फिरवली. पुढचा कावळा ओरडला तेव्हा इतरांना ऐकू आलं, "नमस्कार, उजवीकडे बघा." जुईला ऐकू आलं, "मोठा. पाण्यामागे. या. द्या."

"आबा, किती उद्धट आहेत हे!" ती हसत सुटली.

"उद्धट कसले? मोजकं बोलतात. आमच्या खात्यात असेच अहवाल हवे होते."

जुईला मात्र एक शंका आली. तिने निरंजनदादांना विचारलं, "दादा, हे सगळं माशासाठी, हे कळलं. पण मासा देणारी बस नव्हती, तेव्हा हे कोणाला दाखवायचे?"

निरंजनदादा खूश झाले. "छान विचारलंस. तेव्हा हे लांडग्यांना आणि अस्वलांना दाखवायचे. असं बघ, कावळ्याची चोच केवढीही असली, तरी जाड कातडं तिला फाडता येत नाही. मग तो काय करतो? शिकार कुठे आहे, ते फाडणाऱ्याला ओरडून सांगतो. फाडणारा येतो, खातो, आणि उरलेलं कावळ्याचं."

"म्हणजे दलालच की!" स्नेहलमावशी म्हणाल्या.

"तसंच काहीसं. आणि फार हुशार जात. एकाने शिकलेलं दुसरा बघून शिकतो, आणि पिल्लं आईबापांकडून."

दुपारच्या जेवणाला बस एका नदीकाठी थांबली. पात्र रुंद, गोट्यांनी भरलेलं, आणि पाण्याची धार मात्र बारीक. काठाने पुरुषभर उंचीची दाट झुडपं. निरंजनदादांनी बजावलं, "बसच्या आसपासच राहा. यंदा नदीला मासे कमी आलेत आणि अस्वलांना थंडीच्या झोपेआधी पोट भरायची घाई आहे. अस्वल दिसलंच तर पळायचं नाही. सगळ्यांनी एकत्र यायचं, हात वर करायचे, मोठ्याने बोलत मागे मागे सरकायचं. आणि अन्नाचा कण बाहेर टाकायचा नाही." मग मुक्कामाच्या हॉटेलचा फोन आला आणि ते ड्रायव्हरशेजारी बसून बोलू लागले.

डब्यात दहीभात होता. जुईने पाहिलं, आबांनी भात खाल्ला नाही. त्याचा लिंबाएवढा गोळा केला, खिशातल्या पुडीतले काळे तीळ त्यावर घातले आणि ते हळूच बसमागून झुडपांच्या दिशेने चालू लागले. जुई मागे धावली.

"आबा, बाहेर टाकायचं नाही सांगितलंय ना?"

आबांनी तिळाची पुडी खिशात ठेवली. मग म्हणाले, "आज तुझ्या आजीची तिथी आहे, बाळ. दहाव्या दिवशी कृष्णेच्या घाटावर आम्ही ताटकळत बसलो होतो. एकही कावळा पिंडाला शिवला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला. मी म्हटलं, चालायचंच, आपण कुठे मानतो? पण टोचतं गं. तिचं काय राहून गेलं होतं? ही सहलच ना? आता इथवर आलोय. इथे कावळेही आहेत. पाच मिनिटं."

चपला सांभाळणारे आबा असं बोलताना जुईने कधी ऐकलं नव्हतं.

आबांनी एका सपाट दगडावर भात ठेवला आणि समोर उकिडवे बसले. लगेच एक डोमकावळा आला. चार हातांवर उतरला, मान तिरकी करून भाताकडे पाहिलं, आणि थांबला.

"खाणं. लहान," जुईच्या कानात आवाज आला.

आबांनी हात जोडले. "वृंदा, सहल झाली बरं का. बोट पाहिली, बर्फ पाहिला. जुई बरोबर आहे."

कावळा हलेना.

"जुईच्या शिक्षणाची काळजी करू नकोस. मी आहे."

कावळा नुसता बघत राहिला.

एवढ्यात मागून स्नेहलमावशी आल्या. पाठोपाठ आणखी काही जण आले. कोणी हसलं नाही. प्रत्येकाच्या घरी असा एखादा घाट आणि असं ताटकळणं होतंच. मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, असं मोघम नको. नेमकं बोला. आमच्या सासूबाईंना शिवेना, तेव्हा मी म्हटलं, तुमचा स्वयंपाकाचा ओटा तोडणार नाही, तेव्हा कुठे शिवला मेला."

"औषधं वेळेवर घेईन म्हणा, काका," मागून कोणीतरी सुचवलं.

"धाकट्या मुलाशी बोलेन म्हणा. अबोला आहे म्हणाला होतात ना?"

आबा भाताकडे बघत म्हणाले, "बोलेन. घरी गेल्यावर त्याच्याशी बोलेन."

आता कावळे तीन झाले होते. भाताला कोणीच शिवत नव्हतं. सगळा गट दगडाभोवती दाटीवाटीने, श्वास रोखून उभा होता. बस मागे राहिली होती.

मग पहिला कावळा उडून एका वाळक्या खोडावर बसला. माणसांकडे पाठ आणि झुडपांकडे तोंड करून तो ओरडला.

"या. खाणं. खूप."

जुईला नवल वाटलं. भात तर लिंबाएवढा, मग खूप कसा?

कावळा पुन्हा ओरडला. "या. खाणं. हलत नाही."

ते "या" जुईच्या ओळखीचं होतं. सकाळी बसला मारलेली हाक हीच, हाच सूर. मात्र आता ती बसला नव्हती. इतरांच्या कानात तोच गोड आवाज म्हणत होता, "इथे निवांत जेवणाची सोय आहे." आणि मावशी हळूच म्हणाल्या, "बघा, त्यालाही कळलंय!"

झुडपांमागून कुठून तरी दुसऱ्या कावळ्याने उत्तर दिलं. जुईने कानावर हात दाबून ते ऐकलं.

"मोठा येतो."

मुलांनो, जुईला खरं काय ते कळलं ते तेव्हा. हे कावळे आपल्याला अस्वल दाखवत होते, इतकंच सगळ्यांना ठाऊक होतं. कावळ्यांनी या दोन पायांच्या गर्दीला बसच्या बाहेर येताना, एका जागी थांबताना आणि गप्प उभं राहताना आज पहिल्यांदाच पाहिलं होतं. माशाच्या तुकड्यापेक्षा हा सौदा कितीतरी मोठा होता.

वारा पडला होता, तरी झुडपांचे शेंडे हलले. आधी दूरचे, मग जवळचे.

"निरंजनदादा!" जुई ओरडली. "अस्वल! सगळे मागे व्हा, पळू नका!"

झुडपं दुभंगली आणि तपकिरी डोकं बाहेर आलं. एवढं मोठं डोकं बसच्या काचेतून कळलंच नव्हतं. कोणीतरी किंचाळलं. निरंजनदादा अस्वलाला हुसकायचा तिखटाचा फवारा हातात घेऊन धावत आले आणि वाटेतच पावलं आवरून थांबले. "एकत्र! हात वर! बोला, मोठ्याने काहीही बोला!" स्नेहलमावशींनी आरतीच सुरू केली. सगळा घोळका तिच्यात सूर मिसळत, मागे मागे सरकू लागला.

आबा सोडून.

ते दगडासमोर तसेच बसले होते. त्यांना अस्वल दिसलं होतं, पण त्यांची नजर भातावरून हटत नव्हती.

"आबा, उठा!"

"तू जा, जुई. एकच मिनिट. आता शिवेल तो. इतक्या लांब आणलं मी तिला, आता अर्धवट सोडून कसा जाऊ?"

"तो भात खायला आलाच नाही, आबा! तो आपल्याला दाखवतोय. त्याला!"

"तू पुढे हो, बाळ."

अस्वल गोट्यांवर उतरलं. गोटे एकमेकांवर घासल्याचा आवाज आला. त्याने नाक वर करून हुंगलं. मागून निरंजनदादा घशातल्या घशात म्हणत होते, "जुई, काकांना घेऊन ये, हळू, हळू." आरतीचा आवाज लांब जात होता. घोळक्यापासून तुटलेली दोनच माणसं आता दगडापाशी उरली होती, एक म्हातारं आणि एक लहान. खोडावरचा कावळा अस्वलाला ओरडून नेमकं तेच सांगत होता.

"दोन. वेगळे. या."

जुईने आबांच्या दंडाला धरून ओढून पाहिलं. ते हलले नाहीत. त्यांना ओढून उठवणं तिला जमणार नव्हतं, आणि भाताला कोणी शिवल्याशिवाय ते आपणहून उठणार नव्हते, हे तिला लख्ख कळलं. आजी त्यांना सोडत नव्हती, की तेच आजीला सोडत नव्हते, हे ठरवायला वेळ नव्हता. आणि आज इथून सुटलोच, तरी उद्या येणाऱ्या बसमधल्या माणसांना हे कोण सांगणार? त्यांच्या कानात तर गोडच आवाज असणार.

ती खाली वाकली. दगडावरचा भाताचा गोळा उचलला. पितरांचा घास माणसाने खायचा नसतो, हे तिला माहीत होतं. तिने तो तोंडात कोंबला. दही आंबट लागलं, तीळ दाताखाली कडकड फुटले.

आबा तिच्याकडे बघतच राहिले.

"शिवला, आबा," भरल्या तोंडाने ती म्हणाली. मग तिने त्यांचा हात घट्ट धरला, दुसरा हात उंच केला, आणि अस्वलाच्या डोळ्यांसमोरून पहिलं पाऊल मागे टाकलं.