नववा घाव

“पान गेलं,” वाचनालयाच्या संगणकासमोर बसलेला भोंगा म्हणाला. एरवी त्याचा आवाज तीन गल्ल्यांत ऐकू जातो, म्हणून तर हे नाव. आज तो कुजबुजला, तशी ताई धावत त्याच्यामागे येऊन उभी राहिली.

पान होतं खुल्या ज्ञानकोशातलं, कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं असं. सुट्टी लागल्यापासून ताई, तिचा भाऊ भोंगा आणि मैत्रीण ढापणी त्यात आपल्या भागातली गाणी नोंदवत होती. नावाड्यांची झाली, विणकरांची झाली. खडी फोडणाऱ्या बायकांची गाणी खाणीवरच्या मावशीनं दिली. आता त्या जागी एकच ओळ होती: ‘हा मजकूर संगीत संस्थेच्या पुस्तिकेतून उचलल्याची तक्रार आहे.’

“आपण उचलला?” ढापणी लालबुंद झाली. “आठवडाभर उन्हात बसून माझं नाक सोललंय.”

खरं भोगावं लागलं ते मावशीला. तक्रारीची बातमी खाणीवर पोचली तसा मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, “संस्थेची गाणी स्वतःच्या नावावर खपवतेस होय?” तेव्हापासून ती तोंड मिटून खडी फोडत होती.

“आईची गाणी आहेत ही,” ती मुलांना म्हणाली. “त्यांच्यापायी चोर म्हणवून घ्यायचं नाही मला. आता गाणार नाही.”

उरलेली गाणी तिच्याशिवाय कुणालाच येत नव्हती. ताई रागानं नुसती धुमसत होती.

तिघं तडक संस्थेत गेली. संचालकांनी मोबाइलमधून डोकं वर काढायचीही तसदी घेतली नाही. “आमच्या माणसांनी खाणीवर जाऊन, स्वतः मोजून लिहिलंय. तुम्ही सुट्टीत खेळा की जरा.” वर मेहेरबानी केल्यासारखी एक पुस्तिका पुढे सरकवली. आत मावशीचं नाव औषधालासुद्धा नव्हतं.

बाहेर पायरीवर ढापणी वाचू लागली, “प्रत्येक कडव्यात हातोडीचे नऊ घाव पडतात.”

भोंगा खो खो हसत सुटला. ताईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

“अगं, नववा घाव म्हणजे माझी शिंक आहे.”

खरंच की. पहिल्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणात भोंगा शिंकला होता आणि मुलांनी ती शिंकही मोजली होती. संध्याकाळी पानावर नऊ लिहिलं. दुसऱ्या दिवशी नऊ ऐकून मावशीनं हसून हसून डोळे पुसले, मग त्यांनी आठ केलं. ज्ञानकोशात प्रत्येक बदल तारीखवेळेसकट नोंदलेला राहतो. नऊ तिथं फक्त एकच दिवस होतं.

वाचनालयातल्या बाई त्या नोंदीचे छापील कागद घेऊन मुलांबरोबर आल्या. ताईनं संचालकांच्या टेबलावर मोबाइल ठेवला. “तुम्ही स्वतः मोजलंत ना? मग हे ऐका.”

आठ घाव वाजले. मग खणखणीत शिंक.

संचालकांनी शेजारी उभ्या असलेल्या कारकुनाकडे पाहून डोळे वटारले. तो बिचारा चाचरत म्हणाला, “साहेब, तुम्हीच म्हणालात, छपाईला उशीर होतोय, इंटरनेटवरून काहीतरी घे. तक्रारही तुम्हीच करायला सांगितलीत.”

“बरं, बरं. आपसात मिटवू,” संचालक पुटपुटले.

“मावशीला चारचौघांत चोर म्हटलंय,” ताई म्हणाली. “माफीही चारचौघांतच.”

ज्ञानकोशाच्या स्वयंसेवकांनी नोंदी तपासून त्याच संध्याकाळी पान परत आणलं. “आम्हा मोठ्यांना लाज वाटावी असं चोख काम केलंत,” बाई म्हणाल्या आणि तिघांच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी चकचकीत बूट धुळीत बुडवत संचालक खाणीवर आले. मुकादमासमोर, सगळ्या बायकांसमोर त्यांनी माफी मागितली. मुकादम खाली मान घालून उभा होता. पुस्तिका नव्यानं छापतो, असं सांगून संचालकांनी पेन काढलं. “तुमचं नाव काय म्हणालात?”

“अजून म्हणाले नाही,” मावशी म्हणाली. “तुम्ही विचारलंच कुठे होतंत?”

मग तिनं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, आणि लिहून होईपर्यंत पेनावरची नजर हलवली नाही. “खाली आईचंही लिहा. गाणी तिची.”

तेही लिहून झालं. मावशीनं हातोडी उचलली आणि मुलांनी कधीच न ऐकलेलं गाणं सुरू केलं.