मनोऱ्यावरून खाली येताना

उद्या पहाटे निघताय ना डोंगरातल्या अभयारण्यात? मग जवळ सरका, आणि ते मोबाइल पालथे ठेवा. तुम्हाला अडवायला म्हणून मी हे सांगत नाही. खुशाल जा, डोळे भरून बघा. पण माझ्या साडूवर तिथे काय गुदरलं, ते कानावर घालून ठेवतो.

साडूचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. सगळे त्याला रेडिओवाला म्हणतात. कान असा तयार, की दारातून आत येता येता सांगेल, तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. सुट्टी मिळाली की बायको-मुलीला घेऊन रानात जायचा. फोटोबिटो काढायचा नाही. नुसता ऐकत बसायचा. थापा मारणं त्याच्या रक्तात नाही, एवढं ध्यानात ठेवा.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. दुसऱ्या दिवशी अमावस्या. बरोबर आमचा मेहुणा होता, आमच्या बायकांचा धाकटा भाऊ. हा बसवर कंडक्टर. त्याची जीभ टाळूला लागत नाही. झोपेतसुद्धा ‘पुढे सरका’ म्हणतो, असं त्याची बायकोच सांगते. चौघांनी दुपार टेकडीवरच्या मनोऱ्यावर काढली, पक्षी पाहिले, हरणांचा कळप पाहिला, आणि खाली रेस्ट हाऊसवर येऊन चहाला बसले. तेव्हा बायकोच्या लक्षात आलं की दुर्बीण वरच राहिली. दुर्बीण शेजाऱ्यांची, मागून आणलेली. रात्रीतून माकडांनी पळवली तर शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवायचं?

रेडिओवाला उठला. कंडक्टर म्हणाला, चला भाऊजी, मीही येतो, पाय मोकळे होतील. अजून चांगला उजेड होता. वर जाताना कंडक्टरची टकळी चालूच होती. वाटेच्या कडेला हरणं चरत होती. त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. दुपारभर ह्यांना पाहून त्यांना सवय झाली होती. दुर्बीण जागच्या जागी सापडली. दोघं खाली निघाले, आणि तेवढ्यात दरीतून धुकं चढायला लागलं.

डोंगरातलं धुकं कधी पाहिलंयत? बघता बघता येतं. आत्ता झाड होतं, आता नाही. रेडिओवाल्याने टॉर्च लावला. एका वळणावर कंडक्टर म्हणाला, भाऊजी, थांबा जरा, आडोशाला जाऊन येतो. आणि मागच्या झाडीत शिरला. त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

रेडिओवाला उभा राहिला. बराच वेळ झाला. हाक मारावी म्हणून तो मागे वळला, तोच खालच्या बाजूने पावलं वाजली, आणि कंडक्टर समोरून आला. मागे गेलेला माणूस समोरून. वाट फिरून आली असेल, असं त्याला वाटलं. चल, म्हणाला, काळोख पडतोय. कंडक्टर त्याच्या डाव्या हाताला येऊन चालायला लागला.

दहा-वीस पावलं गेले असतील, आणि झाडीत हरीण ओरडलं. साधं ओरडणं नव्हे. धोक्याची हाक. छातीतून काढलेली, तुटक, खणखणीत. बिबट्या दिसला की हरणं ती देतात. बिबट्या जसा पुढे सरकतो तशी हाक एकीकडून दुसरीकडे सरकते. तिच्यावरून तो कुठे चाललाय ते कळतं. रेडिओवाल्याला हे माहीत होतं. तो थांबला. हाक थांबली. तो चालायला लागला. पुढच्या झाडीतून दुसरी हाक आली. मग त्याच्याही पुढून तिसरी.

म्हणजे बिबट्या आपल्याच जोडीने चाललाय. आपल्याला लागून. अशा वेळी मोठ्याने बोलत राहावं, म्हणजे जनावर बाजूला होतं. तो मेहुण्याला म्हणाला, बोल रे काहीतरी, एरवी तर गप्प बसत नाहीस.

“हं,” कंडक्टर म्हणाला.

तेवढंच.

पुढे वाटेवर एक मोठं झाड वाकलेलं होतं. त्यावर माकडं निजायला बसली होती. हे दोघं खाली येताच सगळी टोळी किंचाळून उठली. फांद्या हलल्या, पानं गळून अंगावर पडली. रेडिओवाल्याने टॉर्च वर मारला. डोळेच डोळे. पिवळे, रोखलेले. सगळे खाली पाहत होते. पण त्याच्याकडे नाही. त्याच्या किंचित डावीकडे.

तो मुद्दाम उजवीकडे सरकला. डोळे हलले नाहीत.

टॉर्च डावीकडे वळवायचा त्याला धीर होईना. उजेड त्याने आपल्या पायांपुढे धरला आणि चालत राहिला. डाव्या कानाशी पावलं वाजत होती. त्याच्याच चालीने. तो हळू, तर ती हळू.

आणि मग शेजारून आवाज आला. आवाज मेहुण्याचाच.

“घरात कोण कोण आहे?”

...सख्खी बहीण आणि भाची घरात होती त्याची. तासाभरापूर्वी त्यांच्याबरोबर बसून चहा प्यायला होता.

रेडिओवाल्याने पावलं उचलली.

तेव्हा वरून, फार वरून, धुक्यातून हाक आली. घोगरी, दमलेली.

“भाऊजी... अहो भाऊजी, थांबा ना...”

शेजारचा वळला नाही. थांबला नाही.

“कोण कोण आहे?” त्याने पुन्हा विचारलं.

खाली दोन वाटा फुटत होत्या. डावी रेस्ट हाऊसकडे. धुक्यातून खिडकीचा दिवा दिसत होता. आत बायको. मुलगी. उजवी वाट नुसती रानात जाणारी. रेडिओवाल्याने काय केलं असेल? तो उजवीकडे वळला. अमावस्येच्या तोंडावर, काळ्याकुट्ट रानात. ह्याला घरापासून लांब न्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पुढे आपलं काय होईल, हा विचार त्याने केला नाही. करायला वेळच नव्हता.

“दिवा तिकडे आहे,” शेजारून आवाज आला.

“तो आपला नाही,” रेडिओवाला म्हणाला. कसाबसा.

चालला. पावलं बरोबर होती. झाडी दाट झाली. पावलं होती. वाट उतरली, चढली. तो ऐकत होता. फक्त ऐकत होता. आणि मग त्याच्या लक्षात आलं...

पाऊल एकाचंच वाजतंय. आपलंच.

कधीपासून?

हरणं गप्प. माकडं गप्प. त्याने टॉर्च डावीकडे मारला. धुकं. बाकी काही नाही. आणि मग लांबून, खूप लांबून, धोक्याची हाक आली. रेस्ट हाऊसच्या बाजूने.

तो धावला. पोरांनो, पन्नाशीचा माणूस, गुडघे धरलेले, पण धावला. दोनदा पडला, ढोपरं सोलवटली, टॉर्च हातातून उडाला. खिडकीच्या दिव्याच्या रोखाने अंधारातच आला आणि व्हरांड्याची एक पायरी चढून दारावर दोन्ही हात आपटले.

आतून कुणी बोललं नाही. पण आत माणसं होती. श्वास ऐकू येत होते. त्याचा कान तसा होता.

“अगं उघड. मी आहे.”

मग मेहुण्याचा आवाज. आतून.

“भाऊजी... मघाशीही तुम्ही हेच म्हणालात.”

रेडिओवाल्याचे हात दारावरच राहिले.

मग बायको बोलली. धीराची बाई. म्हणाली, तुम्ही तेच असाल तर सांगा, आज सकाळी आपण कशावरून भांडलो?

त्याला काही आठवेना. डोकं रिकामं. काय सांगणार? तो रडकुंडीला आला.

“अगं, कुठल्या भांडणाचं विचारतेस? चार झाली सकाळपासून.”

कडी निघाली.

पोरगी आईच्या पदराला घट्ट धरून उभी होती. कंडक्टर भिंतीला टेकून बसला होता, कपडे काट्यांनी फाटलेले. आडोशाहून परत आला तर वळणावर भाऊजी नाहीत. हाका मारल्या, ओ नाही. शेवटी वाट सोडून दिव्याच्या रोखाने तो सरळ उतार घसरत आला होता. आणि झाडीतून बाहेर पडताना त्याने पाहिलं, भाऊजी दाराशी उभे. कपाळ दाराला लावून. त्याने हाक मारली. भाऊजी वळले नाहीत. त्याला काय वाटलं कोण जाणे, तो पुढे न जाता मागून स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरला. बहीण तेव्हा पुढच्या दाराची कडी काढायलाच निघाली होती. त्याने तिचा हात धरला. बाहेरून आवाज आला, अगं उघड, मी आहे. एकदाच. मग काही नाही.

त्या रात्री कुणी झोपलं नाही. कंडक्टरसुद्धा एक शब्द बोलला नाही.

उजाडल्यावर त्यांनी दार उघडलं. व्हरांड्याच्या फरशीवर रात्रीचा चिखल वाळला होता. रेडिओवाल्याच्या बुटांचे ठसे होते, धावत आलेल्या माणसाचे असतात तसे, फरपटलेले. आणि त्यांच्या बाजूने दुसरे. शांतपणे टाकलेले, एकामागे एक, दारापर्यंत. चवडे दाराकडे. परत जाणारा एकही नव्हता. बूट तोच, माप तेच. रेडिओवाल्याच्या डाव्या बुटाच्या टाचेला मोच्याने टायरचं ठिगळ लावलंय, मी स्वतः पाहिलाय तो बूट. तेसुद्धा ठशात स्वच्छ उमटलं होतं...

फक्त ते उजव्या टाचेला होतं.