नवव्या हीटची बेरीज

उझमा परकारचं कामच चुका शोधण्याचं. सौदीतल्या जुबैलमधल्या एका खासगी इस्पितळात ती पेशंटांची रेकॉर्ड्स तपासते. एकाच इकामा नंबरावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, दोन माणसं, ऑपरेशन उजव्या गुडघ्याचं आणि कागदावर डावा, जन्माच्या आधी दिलेली लस, असलं काही सापडलं की ते सरळ होईपर्यंत तिला चैन पडत नाही. तिचा नवरा तल्हा एका कंत्राटदाराच्या गॅरेजमध्ये सुपरवायझर आहे. तो म्हणतो, "हिला चूक दिसली की हिचा चहा गार झालाच म्हणून समजा."

मार्चमधल्या एका शुक्रवारी, जेवणं आटोपल्यावर तिला जी चूक दिसली, ती मात्र इस्पितळातली नव्हती.

तिचे वडील हुसेनमियाँ म्हसळ्याजवळच्या गावचे. एकोणऐंशी ते अठ्ठ्याऐंशी ते अल खर्जजवळ एका कंपनीच्या गॅरेजात मेकॅनिक होते. तिथल्या गोऱ्या इंजिनियरांनी मागच्या माळावर बुलडोझर फिरवून एक अंडाकृती ट्रॅक केला होता आणि दर शुक्रवारी तिथे स्पीडवे चालायची. बिनब्रेकच्या मोटरसायकली, चार स्वार, सतत डावीकडे वळत चार फेऱ्या. मिनिटभरात खेळ खलास. अशा एका शर्यतीला हीट म्हणत. त्या गाड्यांची इंजिनं एरंडेलावर चालायची, म्हणजे वंगणाला एरंडेल लागायचं, आणि त्या जळक्या एरंडेलाचा वास अब्बांच्या कपड्यांना कायमचा चिकटला होता. एका शुक्रवारी कुणी स्वार तापाने फणफणला. चौथा गडी पाहिजे म्हणून मेकॅनिकलाच गाडीवर बसवलं. अब्बा तिसरे आले.

ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर सांगितली आणि आयुष्यभर कुणी खरी मानली नाही. गावात त्यांना 'रेसवाले' म्हणून हसत. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या आजारपणात त्यांनी उझमाचा हात धरून म्हटलं होतं, "कुठंतरी लिहिलेलं असणार बघ. ते लोक सगळं लिहून ठेवतात."

दोन वर्षं ती शोधत होती. शेवटी एक वेबसाइट सापडली. जगभरातल्या बंद पडलेल्या स्पीडवे ट्रॅकांचे जुने निकाल हौशी लोकांनी जमवून तिथे टाकले होते. चुकांचा नुसता बाजार. एकच माणूस दोन स्पेलिंगांनी दोनदा, एका देशातली शर्यत दुसऱ्याच देशात, एकतीस जूनला झालेली फायनल. त्या ढिगाऱ्यात अल खर्जचं पान होतं. वीस नोव्हेंबर एकोणीसशे एक्याऐंशी. हीट नववी.

पहिला डग ऑर्फर्ड, तीन गुण. दुसरा लेस हारग्रीव्ह, दोन गुण. चौथा केन व्हिटलॉक, शून्य.

"चौथा आहे, मग तिसरा कुठेय?" तिने तल्हाला विचारलं.

"पडला असेल गाडीवरनं."

"पडला तर 'पडला' लिहितात. सहाव्या हीटमध्ये लिहिलंय, हे बघ. आणि प्रत्येक हीटची बेरीज सहा येते. तीन, दोन, एक, शून्य. एकट्या नवव्या हीटची पाच येते."

"मग लिहायचं राहिलं असेल."

"राहिलं असेल तर लिहायला लावते," उझमा म्हणाली. "माझ्या बापाचा एक गुण आहे तो."

पानाच्या तळाशी संकलकाचं नाव होतं. केन व्हिटलॉक. शर्यतीत शेवटचा आलेला तोच हा केन. तिने त्याच संध्याकाळी साइटवरच्या पाहुण्यांच्या वहीत आपला पत्ता नोंदवला, केनला ईमेलने पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

केन त्र्याऐंशी वर्षांचा होता. इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या एका गावात राहायचा. त्या दिवशीचा छापील कार्यक्रम त्याच्याकडे अजून होता. प्रत्येक हीटचा निकाल त्याने त्यावर स्वतः पेन्सिलीने लिहिला होता. 'नवव्या हीटची तिसरी ओळ कोरी आहे,' त्याने लिहिलं होतं. 'खोडलेली नाही, लिहिलेलीच नाही. पण स्वतःला मी चौथा लिहिलंय, आणि मला माझ्यापुढे तीन पाठी आठवतात. तिसरी निळ्या बॉयलरसूटमधली. चाळीस वर्षं वाटत होतं की माझंच डोकं चुकतंय. डग कॅनडात नातवंडांत रमलाय, तो फोन उचलत नाही. पण लेस आणि मी दर गुरुवारी चहाला भेटतो. त्याला तुझे वडील आठवतात. एरंडेलाचा वास येणारा माणूस, म्हणाला. त्यांचं नाव मी सोमवारी टाकतो.'

सोमवारी ओळ उमटली. तिसरा एच. परकार, एक गुण. इस्पितळाच्या पॅन्ट्रीत उभं राहून उझमाने गावी फोन लावला. तिची आई बदरुन्निसा हिला तिने ती ओळ वाचून दाखवली.

"परत वाच," आई म्हणाली.

उझमाने परत वाचलं.

"स्पेलिंग बरोबर आहे ना? नीट बघ. त्यांचं नाव आजवर कुणी धड लिहिलं नाही."

मंगळवारी सकाळी उझमाने प्रिंट काढण्यासाठी पान उघडलं. दुसरी ओळ कोरी होती. पहिला डग, तीन. तिसरा परकार, एक. चौथा केन, शून्य. बेरीज चार.

टायपिंगची चूक, तिने मनाशी म्हटलं, आणि केनला कळवलं. लेसचं नाव चुकून उडालं आहे.

केनचं उत्तर नम्र होतं. 'दुसरा कुणी नव्हता. ती ओळ माझ्या कागदावरही कोरीच आहे. लेस कोण?'

तिने त्याचं पहिलं पत्र उघडलं. गुरुवारच्या चहाचं वाक्य जागच्या जागी होतं. 'दर गुरुवारी मी चहा घेतो,' एवढंच. तिने ड्रॉवरमधून पहिल्या शुक्रवारची प्रिंट काढली. तिच्यावर चहाच्या कपाचा डाग होता, तिने स्वतः पेनने केलेली बेरीज होती, पाच. दुसरी ओळ मात्र पांढरी. तीन आणि शून्य यांची बेरीज तिने पाच केलेली दिसत होती.

"लेस नावाचं तू कधी काही बोललीच नाहीस," तल्हा म्हणाला.

उझमा आजवर बेरजेत चुकली नव्हती. तिने ठरवलं, तपासून बघायचं. केनला लिहिलं, माझ्यावर विश्वास ठेवा आणि दुसऱ्या ओळीत लेस हारग्रीव्ह, दोन गुण, असं टाका. म्हातारा भला. कारण न विचारता त्याने टाकलं.

शुक्रवारी सकाळी पहिली ओळ कोरी होती. डगचं नाव उडालंय, असं तिने केनला कळवलं. त्याच्या उत्तरात होतं, 'काल लेस नेहमीसारखा चहाला आला होता. तू त्याच्याबद्दल असं का विचारतेस, ते दोघांनाही कळेना. डग म्हणजे कोण?'

कॅनडातल्या त्या माणसाचा तिने दिवसभर शोध घेतला. त्याच्या नावाने काहीही नव्हतं. केनच्या पहिल्या पत्रात नातवंडांच्या वाक्याच्या जागीही काही नव्हतं.

त्या हीटमध्ये तीनच नावं मावत होती. चौथं घातलं की एक बाहेर पडत होतं. असं का, हे तिला समजत नव्हतं, पण रेकॉर्डवर काम करणाऱ्या बाईला नियम ओळखता येतो. आणि बाहेर पडणारी नावं नुसती कागदावरची नव्हती, ती चहाला जाणाऱ्या माणसांची होती.

पुढच्या गुरुवारी दोघं गाडीने रियाधला तल्हाच्या मामेभावाकडे गेली आणि शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर अल खर्जला. कंपनी केव्हाच गेली होती. त्या जागी एका डेअरीची वैरणीची शेतं होती, आणि त्यांच्या पलीकडे तारेच्या कुंपणाआड रिकामा माळ. फोरमन बिहारचा होता. त्याने फाटक उघडून दिलं, स्वतः आत आला नाही.

"उधर गायें नहीं जातीं, मैडम," तो म्हणाला. "हाँको तो भी नहीं। हमने छोड़ दिया।"

चाळीस वर्षांच्या वाऱ्याने तो ट्रॅक बुजायला हवा होता. तो दिसत होता. लंबगोल, कडक, कडेला भुरभुरीत मातीचा बांध. ऊन पांढरं होतं, सावली फक्त त्या दोघांची. सुरुवातीच्या रेषेवर काँक्रीटच्या पट्ट्या होत्या, मागचं चाक रुतू नये म्हणून एकेका स्वाराला एकेक. फाटकापासून उझमाने त्या मोजल्या. चार.

जवळ गेल्यावर तीन होत्या.

"तू मोज," ती म्हणाली.

तल्हाने मोजल्या, पायाने वाळू सारून पाहिली. "तीन."

दोघं वीस पावलं मागे गेली आणि वळली.

"चार," तल्हा हळूच म्हणाला. पुन्हा पुढे जायला तो तयार होईना.

उझमा एकटी गेली. रेषेवर उभी राहिली. वारा अजिबात नव्हता, आणि तरी वास आला. गरम धातूचा, आणि त्याच्या मागून जळक्या एरंडेलाचा, दाट, गोडसर. लहानपणी अब्बा सुट्टीवर आले की त्यांच्या बॅगेतून यायचा तसाच. तिने तो छातीभर ओढून घेतला. भीती वाटली नाही. ते इथे होते, हे तिला आता कुणी सांगायला नको होतं.

गाडीत बसल्या बसल्या तिने केनला सगळं लिहिलं. लेस, डग, कोऱ्या ओळी, पट्ट्या. सगळ्यात शेवटी लिहिलं: 'माझ्या वडिलांचं नाव काढा आणि डग ऑर्फर्डचं परत टाका. मला हवं होतं ते मिळालं. दुसऱ्या माणसाच्या बदल्यात नको.'

पाठवायच्या आधी तिने ते तल्हाला वाचून दाखवलं.

"अम्मीला काय सांगशील?"

"खरं ते सांगेन. की मी वाचलं होतं. दोनदा."

रविवारी सकाळी दहाला, कामाच्या टेबलावर, उत्तर आलं.

'प्रिय उझमा, तुझ्या पत्रातलं निम्मं मला पटत नाही आणि तरी ते खोटं वाटत नाही. पण तुझ्या वडिलांचं नाव मी काढणार नाही. त्यांना मी एकदा विसरलोय. पहिल्या वळणावर ते माझ्या आतल्या बाजूने पुढे गेले आणि शर्यत संपेपर्यंत मी त्यांची धूळ खाल्ली. तो माणूस तिसरा होता. मी गणित करून पाहिलं. तीन, दोन, एक. सहा झाले. बेरजेला शून्य लागत नाही. मी त्र्याऐंशीचा आहे, मागे कुणी नाही, आणि शेवटचा आलो होतो. आता डगचं नाव लिहितो, आणि मग'

पत्र तिथेच संपत होतं.

तिने घाईने टाइप केलं, थांबा. पाठवलं.

पत्र परत आलं. असा पत्ता अस्तित्वात नाही.

तिने पान उघडलं.

डग ऑर्फर्ड, तीन. लेस हारग्रीव्ह, दोन. एच. परकार, एक.

चौथी ओळ नव्हती. कोरीसुद्धा नव्हती.

तळाशी 'संकलन' लिहिलं होतं आणि पुढे काही नव्हतं.

तिने पत्रं शोधली. आलेलं एकही नव्हतं. तिने पाठवलेली सातही जागेवर होती, प्रत्येकाच्या वर 'प्रिय', आणि त्यापुढे नुसता स्वल्पविराम.

म्हसळ्याला बदरुन्निसाने ते पान मोठं करून फ्रेममध्ये लावलं. जे हसायचे ते येऊन बघून गेले. उझमाने आईला बाकी काही सांगितलं नाही. तिने एवढंच ठरवलं, की केन व्हिटलॉक हे नाव रोज एकदा मोठ्याने म्हणायचं. सकाळी चहा गाळताना ती ते म्हणायची. केन व्हिटलॉक, चौथा, शून्य. तल्हाला वाटायचं, इस्पितळातला कुणी पेशंट असेल.

रमजान आला. पहाटेच्या सहेरीच्या धांदलीत एखादा दिवस चुकला असेल, कदाचित दोन.

ईदनंतरच्या आठवड्यात तिला लेस हारग्रीव्हची मेल आली. साइट कुणीच चालवत नाही असं दिसतं, त्याने लिहिलं होतं, पण तिथल्या पाहुण्यांच्या वहीत तुझा पत्ता सापडला. परकार तुझे वडील का? जुन्या खोक्यात एक फोटो मिळाला, नवव्या हीटच्या सुरुवातीचा. सोबत जोडलाय.

तिने तो मोठा करून पाहिला. सुरुवातीच्या फितीमागे रांग. पहिल्या दोन गाड्यांवर दोन उंच गोरे. तिसऱ्या गाडीवर निळा बॉयलरसूट, जरा मोठं झालेलं हेल्मेट आणि त्याखाली अब्बांची हनुवटी. सत्तावीस वर्षांचे अब्बा. ती हसली आणि रडलीही. तल्हाला हाक मारली.

तो तिच्या खांद्यावरून वाकला. आधी सासऱ्यांना बघून खूश झाला, मग गॅरेजवाल्याच्या नजरेने गाड्या बघायला लागला.

"ही चौथी गाडी कुणी धरलीय?"

"म्हणजे?"

"या गाडीला स्टँड नाही. बघ, खाली काहीच नाही. अशी सरळ उभी कशी राहील? कुणीतरी बसायला पाहिजे वर."

उझमाने तोंड उघडलं. उत्तर तिला माहीत होतं. एक नाव होतं, ती रोज म्हणायची, जिभेवरच होतं. ती चौथ्या गाडीकडे बघत राहिली. रिकामी सीट, रिकामं हँडल, मागे दूरवर पांढरा माळ.

"अगं, कोण?" तल्हाने विचारलं. मग तो आणखी पुढे वाकला आणि त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं, हँडलच्या डाव्या टोकाशी.

क्लचची दांडी पूर्ण आत दाबलेली होती.